आभाळातले सात डाग

कोल्हापूर, शनिवार, ता. ११ मार्च १९११. सकाळी उकाडा. नळाला पाणी उशिरा. अकराच्या टपालाने मुंबईचे पत्र आले. ह्यांच्या फोटोला प्रदर्शनात रुपेरी पदक. दुकानात पेढे वाटले. मला दोन.

रोजनिशीच्या वहीत एवढे लिहून सलिमाने दौत बंद केली. बेळगावच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी तिला तीन गोष्टी लावल्या होत्या : अक्षर सरळ काढायचे, रोज लिहायचे आणि जे घडले तेच लिहायचे. ‘ह्यांच्या फोटोला’ हे शब्द तिने दोनदा वाचले. तिसरा नियम तिने आज पहिल्यांदा मोडला होता.

फोटो तिचा होता.

तिचा नवरा बाबालाल याचा भवानी मंडपाजवळ फोटोचा स्टुडिओ होता. बाबालाल गिऱ्हाइकांना बसवी, हसवी आणि कॅमेऱ्याची कळ दाबी. आतल्या अंधाऱ्या खोलीतले काम सलिमाचे आणि तिचा दीर मीरासाब याचे. फोटो ज्या काचेवर धरतात तिच्यावर धूळ बसली, की काचेतल्या उलट्या, काळ्या दिसणाऱ्या आभाळात सुईच्या टोकाएवढी भोके राहत आणि कागदावर त्यांचे काळे डाग उमटत. बारीक कुंचल्याने त्या भोकांत शाई भरून ती बुजवावी लागत. हे मीरासाबला सलिमानेच शिकवले, आणि कडकपणे शिकवले. एकदा त्याने एका इनामदाराच्या डोक्यावर एक ठिपका तसाच ठेवला, तेव्हा ती म्हणाली होती, “भावजी, आभाळात डाग दिसला की तो आपल्या तोंडावरचा समजायचा.” तेव्हापासून त्याने एकही डाग सोडला नव्हता.

जानेवारीत ती माहेरी वेंगुर्ल्याला गेली, तेव्हा जुना हातकॅमेरा आणि बारा काचा घेऊन गेली. लहानपणापासून तिने समुद्रावरचे सुरय पाहिले होते. मुठीत मावतील एवढाले पक्षी, लाटेवर येतात, हवेत थबकतात आणि दगडासारखे खाली पडतात. ते फोटोत धरता येतील का, हे खूळ तिच्या डोक्यात होते. मामूंनी होडी काढली.

“बसलेलं माणूस हालतं म्हणून रडता तुम्ही फोटोवाले,” मामू म्हणाले, “आणि हे उडतंय की गो!”

पहिले चार दिवस तेच झाले. पक्षी दिसला म्हणून कळ दाबावी, तर काचेवर नुसते पाणी. पाचव्या दिवशी तिला उमगले, की पक्ष्याकडे बघायचे नाही. तो जिथे येणार, तिथे बघायचे आणि तो यायच्या आधी दाबायचे. मावळतीला शेवटची काच तिने तशी घेतली.

कोल्हापुरात तांबड्या दिव्याखाली काच धुतली आणि भिंग लावले. वळणाऱ्या लाटेवर, काचेत काळ्या दिसणाऱ्या आभाळात बारीक पांढरे सात सुरय होते. एकाचे पंख कात्रीसारखे उघडलेले. तिने बाबालालला हाक मारली.

“आयला!” तो म्हणाला. “मुंबईला प्रदर्शन हाय. धाडू या की.”

“माझ्या नावानं?”

“व्हय, तुझ्याच नावानं. मी काय समुद्र बघितलाय व्हय?”

काच वाळत ठेवली. त्याच संध्याकाळी कसबा बावड्याहून निरोप आला, नणंद खतिजा बाळंतपणात अडली होती. सलिमा तशीच निघाली. तिसऱ्या दिवशी परतली, तेव्हा मीरासाब दारातच उभा होता.

“भाभी, तुमच्या दर्याच्या काचेवर सात डाग व्हते. धूळ बसली असंल वाटेत. सगळे भरले! एक तर लई वंगाळ व्हता, फाटल्यागत. दोन तास लागले त्याला.”

तिने काच दिव्यापुढे धरली. शाई काचेवरच्या मसाल्याच्या थरात पार मुरली होती, धुऊन निघण्यासारखी नव्हती. लाट होती, आभाळ होते. बाकी काही नव्हते. शाई भरण्याआधी कागदावर एकही प्रत काढलेली नव्हती.

रात्री तिने बाबालालला सांगितले. तो म्हणाला, “मीराला बोलू नगंस. हात कापाय लागंल त्याचा. लग्नसराई तोंडावर हाय.”

“आणि प्रदर्शनाचं?”

“प्रत काढून धाडली मुंबईला, कालच. मुदत संपत व्हती.”

“कुणाच्या नावानं?”

बाबालालने टोपी काढून झटकली. “बाईचं नाव बघून पुडकं तरी कोण सोडील? आणि तुझी पाखरं कुठं हायत त्यात आता?”

आज त्याच फोटोला पदक मिळाले होते. परीक्षकांनी पत्रात लिहिले होते, ‘निष्कलंक आकाश.’ बाबालालने ते दुकानात आल्या-गेल्याला वाचून दाखवले. फोटोची मोठी प्रत दर्शनी भिंतीवर लागली.

दुपारी गुळाच्या व्यापाऱ्याची म्हातारी आई, शांतव्वा, नातसुनेला घेऊन फोटोला आली. ती भिंतीपुढे बराच वेळ उभी राहिली.

“बाबालाल, येवढं पाणी, आन् एक पाखरू न्हाई? आमच्या कळंब्याच्या तळ्यावर बी असत्यात की रं!”

“समुद्राचं येगळं असतंय, अव्वा,” बाबालाल हसत म्हणाला. “बसा तुम्ही, पदर नीट घ्या.”

आतून मीरासाब हात पुसत बाहेर आला. “पाखरं कुठली अव्वा, सात डाग व्हते. मी काढले. पण शिकवलं ते भाभींनी.” आणि त्याने सलिमाकडे पाहिले, शाबासकीसाठी.

बाबालालही पाहत होता. शांतव्वाही.

तिच्या जिभेवर आले होते. एक शब्द पुरला असता. मग तिने मीरासाबची बोटे पाहिली. शाईने काळी झालेली, सरळ, न कापणारी.

“चांगलं झालंय काम, भावजी,” ती म्हणाली. “एकसुद्धा राहिला नाही.”

मीरासाब लाजला. बाबालालने कॅमेऱ्यावरचा काळा कपडा डोक्यावर ओढून घेतला.

संध्याकाळी सलिमाने वही पुन्हा उघडली. ‘ह्यांच्या’ हा शब्द खोडावा म्हणून टाक उचलला. पण पानावर डाग नको म्हणून तो तसाच राहू दिला, आणि खाली लिहिले :

मीठ संपले. सोमवारी आणणे.