पहिली सही

पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे तारकाकू म्हणायचे. मोटारीच्या पोटात तांब्याच्या तारेची गुंडाळी बसवायची, हे तिचं काम. लग्नानंतर लगेच ती त्या बाकावर बसली ती तिथेच पिकली. संध्याकाळी दारात पाऊल टाकलं की नवरा म्हणायचा, "आलीस? व्हार्निशच्या वासावरूनच कळलं." तो शाळेची बस चालवायचा. हृदयाची झडप निकामी झाल्यापासून घरीच होता. "इंजिन वॉरंटीबाहेर गेलंय," असं आल्यागेल्याला हसत सांगायचा आणि एवढ्या बोलण्यानेही त्याला धाप लागायची.

त्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली आणि पाठोपाठ कारखान्यात नोटीस लागली. गुंडाळीचं आणि लेथचं काम दुसऱ्या कारखान्यात जाणार, दोन्ही खाती महिनाअखेर बंद. राजीनाम्यावर सही करेल त्याला काही महिन्यांचा पगार हातावर मिळेल.

बाकीच्यांच्या तोंडचं पाणी पळालं ते पगारासाठी. तारकाकूला काळजी होती ती वेगळ्याच गोष्टीची. नवऱ्याचा विमा तिच्या नोकरीवर होता. तिने विम्याच्या ऑफिसात फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "नोकरी संपली की विमा संपला, मॅडम." ऑपरेशन त्यानंतर होतं. मग तिने हॉस्पिटलात जाऊन तारीख अलीकडे मागितली. तिथल्या माणसाने भिंतीला लागून बसलेली रांग नुसती हाताने दाखवली. सगळ्यांनाच तारीख अलीकडे हवी होती.

लेथ खात्यात तिचा धाकटा दीर लोखंड कातणारा टर्नर होता, सगळे त्याला टर्नरच म्हणायचे. तडफदार माणूस. त्याने कँटीनमध्ये सगळ्यांना गोळा केलं आणि टेबलावर चढून म्हणाला, "कुणीही एकट्याने सही करायची नाही. सगळे मिळून दुप्पट मागू. आपण फुटलो नाही तर त्यांना झक मारून द्यावं लागेल." सगळ्यांनी हात वर केले. तारकाकूनेही केला.

बाहेर आल्यावर तिने त्याला बाजूला घेतलं. "भाऊजी, विम्याचं मागितलंत का?"

"मागितलंय की. मागण्यांच्या यादीत शेवटचं कलम तेच आहे."

"शेवटचं?"

"वहिनी, तो माझाही भाऊ आहे. जरा दम धरा. वाकतील ते."

तिने दम धरला. कंपनी वाकेना. टर्नर रोज ऑफिसात जायचा आणि रोज लालबुंद होऊन परत यायचा. इकडे नवऱ्याचे पाय सुजले. एके दुपारी तो दूध आणायला म्हणून उतरला आणि वर येताना जिन्यातच बसून राहिला. शेजारणीने निरोप धाडला म्हणून ती कामावरून धावत आली, तर हा पिशवी मांडीवर घेऊन बसलेला, ओठ निळसर. "अगं, सिग्नल लागलाय," तो म्हणाला. तिला हसू आलं नाही. त्याच्या काखेत हात घालून एकेक पायरी चढवताना तिला कळून चुकलं की दम धरायला आता तिच्याकडे काही उरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत ती कुणाला न सांगता ऑफिसात गेली. सह्या घेण्याचं काम एका तरुण बाईकडे होतं. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं.

"मॅडम, मला पगार कमी द्या. हवं तर देऊच नका. माझं नाव ऑपरेशन होईपर्यंत हजेरीवर ठेवा, म्हणजे विमा चालू राहील."

"काकू, एकीला दिलं की सगळ्यांना द्यावं लागतं."

"सगळ्यांचे नवरे मरायला टेकलेले नाहीत हो!"

बोलून गेल्यावर तिचा तिलाच धक्का बसला. मॅडम उठली, आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ फोनवर बोलली आणि परत येऊन हळूच म्हणाली, "होईल. बिनपगारी रजेवर दाखवू. पण सही आज हवी. आत्ता."

"आणि बाकीच्या बायकांना मी काही सांगणार नाही. कुणाला सही करायला लावणार नाही."

"गरज नाही, काकू. तुम्ही टर्नरच्या वहिनी. तुमची सही झाली एवढं कळलं तरी पुरे."

हे तिला कळत नव्हतं असं नाही. कँटीनमध्ये वर केलेला आपला हात तिला आठवला. उठून जावं असं वाटलं, आणि ती उठलीसुद्धा. मग तशीच उभी राहून म्हणाली, "ऑपरेशननंतरचं सगळं औषधपाणीही विम्यात धरा. पुन्हा अ‍ॅडमिट करावं लागलं तर तेही. लिहून द्या. मग करते."

मॅडम पुन्हा आत गेली. या वेळी आणखी उशीर लागला, पण लिहून मिळालं. तारकाकूने सही केली आणि बाकावर येऊन तार गुंडाळू लागली. तार पुन्हा पुन्हा तुटत होती.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी सगळीकडे झाली. घरचीच फुटली म्हटल्यावर कोण थांबणार? गुंडाळीवाल्या बायका एकेक करून ऑफिसात गेल्या. लेथवाले दोन दिवस अडून बसले आणि मग त्यांनीही मिळेल ते घेतलं. दुप्पट राहिलं बाजूला, कुणाला वरचा एक पैसा मिळाला नाही.

टर्नर घरी आला तो चपलाही न काढता. "केसाने गळा कापलात, वहिनी. निदान मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर करू दिलं असतंत?"

"माझ्याही घरात पोरं आहेत!"

"माहीत आहे, भाऊजी."

नवरा कॉटवरून दोघांकडे आळीपाळीने बघत होता. भाऊ निघून गेल्यावर तो म्हणाला, "मला का नाही विचारलंस?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणालोच असतो." त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी तो जेवला नाही आणि त्याने एकही विनोद केला नाही.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. ती बाहेर बाकावर जीव मुठीत धरून बसली होती. थोड्या वेळाने टर्नर आला आणि बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला बसला. रक्त लागेल म्हटल्यावर तोच आधी उठून गेला. बाही सरळ करत परत आला आणि पुन्हा तिथेच बसला. तिने पाण्याची बाटली मधल्या जागेत सरकवली. त्याने ती घेतली नाही.

डॉक्टर येऊन सांगून गेले, झडप बसली, आता वाट बघायची. टर्नरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत होते. तिला वाटलं, याने आता आपल्याला चार शिव्या तरी घालाव्यात. तो उठला, समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "शुद्धीवर आला की कळवा," आणि गेला.

नवरा वाचला. ती आता मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात गुंडाळीचं काम करते, कामाप्रमाणे पैसे मिळतात. जुन्या बाकावरची शेजारीण बाजारात दिसली की भाजीत डोकं घालते. दीर आठवड्यातून एकदा भावाला भेटायला येतो, ती दुकानात असते त्या वेळी.