सुटलेला धागा

माझ्या वडिलांचा, अण्णांचा, अंगठा वाकडा. म्हणून त्यांनी विणलेल्या प्रत्येक शालीच्या कोपऱ्यात एक धागा सुटायचा. "सही करायला विसरत नाहीस," शेजारच्या मागावरचा त्यांचा परदेशी मित्र चिडवायचा. मग मेल्या सरकारनं त्याच्या लोकांना देशाबाहेर हाकललं. चाळीस वर्षं ना पत्र, ना निरोप.

परवा त्या मित्राच्या देशातला एक व्यापारी शाली घेऊन आला. अण्णांनी एकीचा कोपरा चाचपला. धागा सुटलेला होता.

"चूक नाही हो ती," व्यापारी म्हणाला. "आमच्याकडची रीतच आहे. एका विणकरानं सगळ्या गावाला शिकवली. गेला बिचारा मागच्या वर्षी."

"अण्णा, सांगा ना त्यांना," मी म्हणाले.

अण्णांनी वाकडा अंगठा मुठीत लपवला. "काय सांगू? रीत त्यांचीच आहे."