ताटावर आडवा धरलेला हात

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिस्टलमधल्या आमच्या सर्जरीतल्या, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या, नर्सने माझं कोलेस्टेरॉल वाढलंय असं सांगितलं, तेव्हा मी तिच्याशी चक्क भांडलो. “मी अंडंसुद्धा खात नाही,” मी म्हणालो. तिने न चिडता समजावलं: यातलं बरंचसं शरीर स्वतःच तयार करतं, काही घराण्यातून येतं आणि तूप, लोणी, सायीचं दूध, तळण यांनी ते आणखी वाढतं. एक चांगलं असतं, एक वाईट. वाईट असतं ते रक्तवाहिन्यांत साचत जातं आणि दुखतखुपत काहीच नाही. माझे वडील पन्नाशीत बसल्या जागी गेले होते. ते आठवलं आणि काय खायचं नाही ते मी तिच्याकडून लिहून घेतलं.

बायको जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मुलगी लीड्सला शिकत होती. घरी मी आणि रेडिओ. रविवार तेवढे बरे जायचे, कारण आमच्या ओळखीची चार मराठी घरं होती आणि आळीपाळीने कुणीतरी जेवायला बोलवायचंच. शनिवारी फोन आला की मी शर्टाला इस्त्री करायला घ्यायचो.

मी विमानाच्या कारखान्यातला इंजिनियर. एकदा नियम कळला की तो पाळायचा आणि दुसऱ्यांनाही पाळायला लावायचा, ही माझी खोड. सकाळी ओट्सची पॉरिज, साय काढलेलं पाणचट दूध, रोज तासभर चालणं सुरू केलं. तिथेच थांबलो असतो तर बरं होतं. पण मी लोकांच्या घरी जाऊन त्यांच्याच टेबलावर बसून साजूक तुपाचे तोटे सांगायला लागलो.

होळीच्या जेवणाला एका डॉक्टर मित्राकडे होतो. त्याची बायको तुपाने निथळणारी पुरणपोळी घेऊन आली. मी ताटावर हात आडवा धरला.

“भाऊजी, एकच. वहिनी असत्या तर घेतली असती ना?”

“ती असती तर म्हणाली असती, माझ्या नवऱ्याला विष वाढू नका.”

मित्राची बायको पोळी तशीच आत घेऊन गेली. मी घरी येऊन स्वतःला बजावलं, की मी बरोबरच बोललो. बरोबर होतोही. पण माणसाने किती बरोबर असावं?

त्यानंतर कुणी भांडलं नाही, अबोला धरला नाही. रस्त्यात भेटले की विचारपूस करायचे. फक्त शनिवारचे फोन थांबले. एकदा सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये त्याच डॉक्टर मित्राच्या घरची वहिनी भेटली. ट्रॉलीत बटाट्यांची गोणी आणि कोथिंबिरीच्या सात-आठ जुड्या. “काही विशेष नाही हो, घरचंच,” ती म्हणाली आणि लाल झाली. मीही तिला बॅगा गाडीत ठेवायला मदत केली. इतका एकटा मी बायकोच्या दिवसकार्यानंतरही नव्हतो.

वर्षभराने पुन्हा रक्त तपासलं. सोमवारी रजा काढून रिपोर्ट आणायला गेलो. आकडा खाली आला होता. नर्स माझ्याहून खूश. “घरी सांगा, त्यांना आनंद होईल,” ती म्हणाली. मी हो म्हणालो.

संध्याकाळी मुलीला फोन केला. “बाबा, that's brilliant! पण मी आत्ता लायब्ररीला निघालेय, weekendला बोलू, okay?”

मग रिसीव्हर हातात धरून बसलो आणि शेवटी त्या डॉक्टर मित्राच्या घरचा नंबर फिरवला. फोन वहिनीनेच घेतला. आकडा ऐकून ती मनापासून आनंदली. मग म्हणाली, “अहो, एक दिवस आधी कळायला हवं होतं! काल सगळे इथेच होते जेवायला. तुम्हाला काही चालत नाही, उगीच दुसऱ्यांची ताटं बघत बसायला लावायचं, म्हणून बोलावलं नाही.”

“बरोबर आहे तुमचं,” मी म्हणालो. फोन ठेवायला हवा होता. ठेववेना.

“वहिनी, कालचं काही उरलंय का?”

“या ना,” ती म्हणाली, “गरम करून ठेवते.”

मी कोट चढवला. खरं तर मी नुकताच जेवून उठलो होतो.