आधी हाक, मग हात

त्यांच्या घराण्यात घोड्याला कुणी कधी हात लावला नव्हता. वडील टपालखात्यात पत्रं निवडायचे, आई शाळेत शिपाई होती, आणि थोरल्या मुलीनं सहाव्या वर्षी दूधगाडीच्या घोड्याला घरातला सगळा पाव चारला. पाठीत धपाटे बसले. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्या वाट्याचा पाव घेऊन दारात उभी. ही खोड जिवाबरोबरच जाणार, असं आई तेव्हा म्हणाली होती, आणि आई सहसा चुकत नसे.

सोळाव्या वर्षी ती घोडेस्वारीच्या शाळेत लीद उपसायला लागली. चाळीस वर्षं तिथंच काढली. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर सांगायची की घोड्यांना खरारा करता करता दिवस जातो, नवऱ्याला कधी करू? घोडा लंगडायच्या दोन दिवस आधी तिला टापांच्या आवाजावरून कळायचं. माणसांचं मात्र तिला काही म्हणजे काही कळत नसे, आणि त्याची तिला खंतही नव्हती. सगळी गल्ली तिला ताई म्हणायची. खरी सख्खी ताई ती एकाच बाईची होती: पाच वर्षांनी लहान, शाळेचे गणवेश शिवणारी, दोन रस्ते सोडून राहणारी धाकटी बहीण.

या दोघींच्या मध्ये एक लाथ होती. धाकटी बारा वर्षांची असताना ताईच्या मागे मागे तबेल्यात गेली आणि कौतुकानं एका घोड्याच्या मागल्या मांडीवर हात ठेवला. मागून, न बोलता. गुडघ्याची वाटी फुटली. ताई धावत आली ती थेट घोड्यापाशी. त्याचा पाय चाचपला, मान थोपटली, आणि मग जमिनीवर पडलेल्या बहिणीकडे वळली. तेव्हापासून धाकटी एक पाय जरा ओढत चालते. ‘आधी घोड्याचा पाय, मग माझा,’ हा विनोद ती चार माणसं जमली की सांगायची. सगळे हसायचे. ताईही हसायची आणि वर म्हणायची, चूक तुझीच. आधी हाक मारायची, मग हात लावायचा, एवढं साधं तुला कळू नये?

शाळा बंद पडली तेव्हा सगळे घोडे विकले गेले, एक सोडून. त्याचे दोन्ही डोळे सुजून सुजून गेले होते. कुणी समोर आलं तरी मान न वळवता आपल्याच तोऱ्यात उभा असायचा, म्हणून ताईनं त्याचं नाव साहेब ठेवलं होतं. आंधळ्या म्हाताऱ्या घोड्याला गिऱ्हाईक कुठलं? ताईनं गावाच्या कडेला दोन खोल्यांचं घर घेतलं, मागे कुंपणाचं अंगण आणि पत्र्याची शेड. साहेबाच्या मागोमाग बाकीचे आले. चोचीनं स्वतःचीच पिसं उपटणारा पोपट, एका डोळ्याची मांजर, खोक्यात घालून दारात ठेवलेली तिची दोन पिल्लं. एक कुत्रा एका मास्तरांचा होता. मास्तर बंद घरात वारले आणि कुत्रा आठ दिवस त्यांच्या खाटेखाली बसून होता. दार फोडल्यावर पालिकेच्या माणसानं ताईलाच बोलावलं. कुत्रा जगला, पण पुढे कायम दाराकडे तोंड करूनच जेवायचा.

त्या कुत्र्याला घरी आणलं त्या दिवशी ताईनं एक नियम केला: जनावर मागे ठेवून मरायचं नाही. हा नियम ती येईल त्याला ऐकवायची, जणू मरणाची तारीख हिच्याच खिशात होती.

त्रेसष्टाव्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. सर्जन तरुण होता, गोलगोल बोलला नाही. शस्त्रक्रिया महिन्याभरात करायची, पण अशा दहा रोग्यांत तीनच उठून घरी जातात, म्हणाला. ताईनं तीन ऐकलंच नाही. घरी आली, कागदावर सहा जनावरांची यादी केली आणि कामाला लागली.

पोपट न्हाव्यानं नेला. मांजर पिल्लांसकट बेकरीवाल्याकडे गेली. त्याच्याकडे उंदीर होते, तेव्हा त्यानं उपकाराची भाषाही केली नाही. कुत्रा धाकटीनं मागून घेतला. राहिला साहेब. सत्तावीस वर्षांचा, पण दात शाबूत, भूक खणखणीत. घोडं तिथंच अडलं. कुणाच्या हाती द्यावा? शाळेजवळच्या एका टांगेवाल्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलांनी तेराव्या दिवशी दोन्ही घोड्या कत्तलीच्या ट्रकमध्ये चढवल्या होत्या. त्यातली एक ताईला ओळखून खिंकाळली होती. ते तिला अजून ऐकू यायचं.

धाकटी एका संध्याकाळी आली, खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "साहेबाचं मी बघेन."

ताईला हसू आलं. "तू? रस्त्यात टांगा दिसला तर तू फुटपाथ बदलतेस."

"बदलते. तरी बघेन."

"दोन दिवस करशील. तिसऱ्या दिवशी घाबरून दाराबाहेरून गवत फेकशील. आंधळ्याला ते सापडणार कसं?"

धाकटीनं वाद घातला नाही. तिचा स्वभावच तसा. कारखान्यातही ती मुकाट्यानं उसवायची आणि पुन्हा शिवायची. चहाचा कप विसळून पालथा घातला आणि कुत्र्याला घेऊन पाय ओढत निघून गेली. ताईला सुटल्यासारखं वाटलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी साहेबाला शेवटची सुई द्यायला दोनदा नकार दिला. घोडा धडधाकट आहे, म्हणाले, निदान तुमची शस्त्रक्रिया तरी होऊ द्या. ताई म्हणाली, मी टेबलावर गेले तर त्याच्या शेजारी कोण उभं राहणार? वीस वर्षं दोघांनी मिळून कितीतरी जनावरांचे शेवट केले होते. तिच्या शब्दापुढे त्यांचं चालत नसे. शनिवार ठरला. धाकटीला कळवायचं ताईला सुचलंही नाही.

शनिवारी सकाळी तिनं साहेबाला खरारा केला, चारी खूर कोरून साफ केले, गुळाचा खडा दिला. दहा वाजता डॉक्टर आले. नेहमीसारखी ती शेडच्या तोंडाशी थांबली, "साहेब, मी येतेय," म्हणाली, डाव्या अंगानं गेली, खांद्यावर तळवा टेकला. त्याचा कान वळला. अंगणात मधोमध नेईपर्यंत तिनं हात उचलला नाही. सुई टोचली तरी तो तिच्याकडेच कान लावून होता. मग गुडघे दुमडले आणि इतकं मोठं अंग धप्पकन खाली आलं. ताई रडली नाही. आपण त्याच्याशी नीट वागलो, असंच तिला वाटत होतं, आणि हीच सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

दुपारी धाकटी आली. ताडपत्रीखालून चार पाय बाहेर दिसत होते. ती फाटकाशीच थांबली. तिच्या पायात गुडघ्यापर्यंत येणारे नवेकोरे रबरी बूट होते. चिखलाचे दिवस नव्हते, तरी ताईनं विचारलं नाही. धाकटी बराच वेळ उभी राहिली आणि घरी गेली.

पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. गाठ नुसती फुगलेली होती, मुळं धरलेली नव्हती. सगळी निघाली. सर्जन खाटेपाशी येऊन हसत म्हणाला, आजी, अजून पंधरा वर्षं कुठं जात नाही तुम्ही. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं आनंदानं टाळी वाजवली. ताई छताकडे बघत राहिली. पंधरा वर्षं, आणि साहेब होता सत्तावीसचा. त्याला पुरून उरली असती ती, सहज.

धाकटीनं कारखान्यात रजा टाकली आणि ताईला तिच्याच घरी आणून पुढच्या खोलीत ठेवलं. खिडकीतून रिकामी शेड दिसायची, म्हणून ताई भिंतीकडे तोंड करून पडायची. धाकटी तिचं सगळं करायची. अंग पुसणं, जखमेची पट्टी बदलणं, कुशीवर वळवणं, भांडं देणं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, तिसऱ्या दिवशीही घाबरून मागे सरली नाही. पाच आठवडे झाले. एकदाही तोंड वेंगाडलं नाही.

आणि प्रत्येक वेळी तेच. दाराशी थांबायची, "ताई, मी येतेय," म्हणायची. डाव्या अंगानं यायची. खांद्यावर तळवा टेकायची, आणि खाटेला वळसा घालून पलीकडे जाईपर्यंत तो हात अंगावरून उचलायची नाही. ताईला आधी हे जाणवलंच नाही. जाणवलं ते पाचव्या आठवड्यात.

"हे कुणी शिकवलं तुला?" तिनं भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

धाकटी पांघरूण सारखं करत होती. करता करताच, जणू कारखान्यातली गोष्ट सांगावी तसं, तिनं सांगितलं. त्या संध्याकाळनंतर ती रोज सकाळी कामावर जायच्या आधी मागच्या कुंपणापाशी येऊन उभी राहायची. ताई साहेबाचं काय काय करते ते बघायची आणि वहीत लिहायची. रविवारी नालबंदाकडे जायची. त्याच्याकडे एक गरीब घोडी होती. पहिल्या रविवारी घोडीच्या अंगाला हात लावला आणि बाजूला जाऊन ओकली. दुसऱ्या रविवारी पुढचे दोन पाय उचलले. तिसऱ्या रविवारी मागचेही उचलायचे ठरले होते. ते जमलं की मग ताईला सांगायचं, नाहीतर ती पुन्हा हसली असती. शनिवारी बूट घेतले आणि पायात घालूनच साहेबाला बघायला आली.

शनिवारऐवजी रविवार, एका दिवसाचा प्रश्न होता. ताईला ओरडावंसं वाटलं, धाकटीवर, डॉक्टरांवर, त्या तीन माणसांवर जी उठून घरी जातात. शेवटी निघाला तो नेहमीचाच खाष्ट आवाज.

"मी काय आंधळी आहे का? मला दिसतं. हाक मारत जाऊ नकोस."

धाकटीचा हात खांद्यावर तसाच होता.

"तीन आठवडे कुंपणापाशी उभी होते मी, ताई," ती म्हणाली. "कुठं दिसले तुला?"

ताईनं स्वतःहून अंग सैल सोडलं, आणि धाकटीनं तिला सावकाश खिडकीच्या बाजूला वळवलं. शेडचं दार उघडं होतं. आत, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर, ते रबरी बूट ठेवलेले होते, आणि मास्तरांचा कुत्रा दाराकडे तोंड करून त्यांच्याजवळ बसला होता.