तोरणमाळवरचा जादा तास

माझ्या वडिलांना पाहायचा असलेला शेवटचा सूर्यास्त मी चक्रवाढ व्याजाच्या एका उदाहरणात घालवला.

चौतीस वर्षे गणित शिकवलेल्या माणसाने आधी उत्तर सांगून मग रीत दाखवणे शोभत नाही, याची मला जाणीव आहे. पण येथे उत्तर इतके लाजिरवाणे आहे की ते एकदा फळ्यावर लिहून टाकलेले बरे. आता रीत.

आबांचे वय ब्याऐंशी. तेही शिक्षकच, पहिली नेमणूक तोरणमाळला, ती अशा काळात की ट्रंक डोक्यावर घेऊन घाट पायी चढावा लागे. लग्नानंतरची पहिली दोन वर्षे आई त्यांच्याबरोबर तेथेच राहिली. संध्याकाळी शाळा सुटली की दोघे पश्चिमेच्या कड्यावरील एका दगडावर बसत आणि सूर्य बुडाला की घरी येत. आईला जाऊन आता नऊ वर्षे झाली. आबांचा डावा डोळा काचबिंदूने पूर्ण गेला होता आणि उजव्याबद्दल डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितले होते, "सर, जे दाखवायचे असेल ते या हिवाळ्यात दाखवून घ्या."

मी आबांना विचारले. ते धानोऱ्याच्या घराच्या ओट्यावर बसले होते.

"काशी नको, रामेश्वर नको," ते म्हणाले. "तोरणमाळना तो दगड. तठला सूर्य एकदाव दखानं शे. बस."

त्या दगडावरून सूर्यास्त एकदा पाहायचा, एवढीच छोटी मागणी होती. एवढ्या छोट्या मागणीत चूक करायला विशेष पात्रता लागते. ती माझ्याजवळ होती.

त्याच आठवड्यात नंदुरबारच्या एका प्रदर्शनात 'भाग्यवान कुटुंब योजना' असे लिहिलेली पेटी दिसली. लोक चिठ्ठीवर नाव आणि फोन नंबर लिहून पुढे जात होते. मी मात्र उभ्याउभ्या सगळे रकाने भरले : व्यवसाय, निवृत्तीची तारीख, पत्नीचे नाव, आवडता ऋतू. (रिकामा रकाना म्हणजे अपूर्ण उत्तर, हे मी हजारो मुलांना बजावले आहे.) निवृत्तीची तारीख पाहून योजनावाल्यांच्या तोंडाला पाणी सुटले असणार. तिसऱ्या दिवशी फोन आला. तोरणमाळच्या नव्या रिसॉर्टमध्ये दोन रात्री मोफत! अट एकच : नव्वद मिनिटांचे एक छोटेसे सादरीकरण ऐकायचे.

"फुकट कोन देस हो?" माझी पत्नी सुमन म्हणाली.

"नव्वद मिनिटे म्हणजे दोन तासिका," मी म्हणालो. "एवढे ऐकून घ्यायला काय हरकत आहे?"

पहिल्या दिवशी दुपारी चार वाजता आम्हाला सभागृहात नेण्यात आले. माझा हिशेब असा होता : चार अधिक दीड तास म्हणजे साडेपाच; कड्यापर्यंत पंधरा मिनिटे; सूर्यास्त सहाच्या सुमारास. शिल्लक वेळ पंधरा मिनिटे. आबांनी इस्त्रीचे धोतर नेसले होते आणि हातात काठी घेतली होती.

सभागृहाला खिडक्या होत्या, पण त्यांवर जाड पडदे. पश्चिमेच्या भिंतीवर समुद्रातील सूर्यास्ताचे भिंतभर चित्र, मागून दिव्यांनी उजळलेले. खरा पश्चिमेचा कडा त्याच भिंतीच्या पलीकडे होता. ही रचना ज्याने केली त्याला मानसशास्त्र उत्तम येत असावे, भूगोल मात्र मुळीच येत नसावा.

विक्रेत्याचे नाव परेश. टाय लावलेला, सुरतचा, गोड बोलणारा.

"सर, तुम्हाला फॅमिली आवडते?"

"हो."

"मॅडम, सरांनी तुम्हाला दरवर्षी फिरायला न्यावं असं वाटतं?"

"वाटस ना. पन नेतस का?" सुमन म्हणाली. परेशने ते लगेच लिहून घेतले.

"आजोबा, नातवंडांना आनंदात पाहायचंय ना?"

आबांनी मान डोलावली. ज्यांचे उत्तर 'नाही' असे देताच येत नाही, अशा प्रश्नांची ही मालिका होती. मी परीक्षक म्हणून असा पेपर नापास केला असता. विद्यार्थी म्हणून मात्र आम्ही तिघेही उत्तरे देऊन बसलो.

साडेपाचला मी घड्याळ पाहिले. परेश म्हणाला, "सर, आता मेन पॉइंट." मग त्याने फळ्यावर तक्ता काढला. हॉटेलचे भाडे दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढते; पंचवीस वर्षांनी ते साडेतीनपट होईल; त्यांचे सदस्यत्व आज घेतले तर ही वाढ आपल्याला कधीच लागणार नाही. मी नम्रपणे सांगितले की आम्हाला सदस्यत्व नको. परेशचा चेहरा असा पडला की जणू मी त्याची मुलगी पाहायला येऊन चहाही न घेता उठलो होतो. त्याने एका मॅनेजरला बोलावले. मॅनेजरलाही नको म्हटले, तर त्याने मोठ्या मॅनेजर मॅडमना बोलावले. प्रत्येक नकारागणिक समोर बसलेल्याची पायरी वाढत होती आणि सदस्यत्वाची किंमत उतरत होती. आणखी दोन नकार दिले असते तर कंपनीचा मालक येऊन मला फुकट घेऊन गेला असता!

पावणेसहाला मी उठू लागलो, तोच आबांनी माझा हात धरला.

"बठ, भाऊ. त्या बाई शिकाडी ऱ्हायन्यात. कोनी शिकाडस तव्हय मझारमा उठू नई."

कोणी शिकवत असताना मध्येच उठायचे नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम. आबा घरी शिकवणी घेत तेव्हा दारात साप निघाला होता, तरी उदाहरण पूर्ण होईपर्यंत एकही मूल उठले नव्हते, असे गावात अजून सांगतात. (साप मात्र निघून गेला. तो आबांचा विद्यार्थी नव्हता.) मी बसलो. आम्ही बाहेर आलो तेव्हा आकाशात शुक्र स्पष्ट दिसत होता.

"सकाय दखसूत," आबा म्हणाले. सकाय म्हणजे उद्या.

दुसऱ्या दिवशीचे मी लेखी वेळापत्रक केले. पाच वाजून दहा मिनिटांनी खोलीतून निघणे. पाच पंचवीसला दगड. पाच पंचवीस ते सहा, शांतता. सुमनने थर्मासमध्ये चहा भरला आणि आईचा एक जुना फोटो पदरात गुंडाळून घेतला. वेळापत्रकात त्याची नोंद नव्हती. ते मला तिने नंतर सांगितले.

आम्ही बरोबर पाच दहाला निघालो. वाटेतच सभागृहाच्या दारात परेश उभा होता.

"सर, फक्त अभिप्रायाचा फॉर्म. दोन मिनिटं. तो नसेल तर दुसरी रात्र मोफत धरता येत नाही. कॉम्प्युटर घेतच नाही, सर!"

"द्या इकडे," मी म्हणालो. आबांना मागच्या खुर्चीवर बसवले, सुमन त्यांच्याजवळ उभी राहिली. फॉर्मवर बत्तीस रकाने होते. माझी प्रकृती आपणास ठाऊक आहे. तरीही मी सात मिनिटांत तो भरत आणला होता. खाली सही तेवढी राहिली होती. तेव्हा मी मान वर केली.

समोर फळ्यावर कालचाच तक्ता होता. त्यासमोर शहाद्याची, सुरतेची अशी तीन कुटुंबे बसली होती आणि परेश त्यांना सांगत होता, "दहा टक्के वाढ, पंचवीस वर्षं, म्हणजे साडेतीनपट."

खरे सांगतो, ते साडेतीन मला आदल्या दिवसापासून चपलेतल्या खड्यासारखे टोचत होते. परेशने दरवर्षी पहिल्याच भाड्याचे दहा टक्के मिळवले होते. म्हणजे सरळव्याज! वाढ नेहमी मागच्या वर्षाच्या भाड्यावर होते. आठवीचा धडा!

"चूक आहे ते," मी म्हणालो.

परेशचा रंग उडाला. ग्राहक फळ्यातली चूक काढतो म्हणजे धंदा बसला, असे त्याला वाटले असणार.

"सर, तुम्ही प्लीज..."

"घाबरू नका, समजावून देतो. मार्कर द्या."

"अहो," मागून सुमनचा आवाज आला, "आबा वाट दखी ऱ्हायनात."

"दोनच मिनिटे," मी म्हणालो. हेच वाक्य आदल्या दिवशी मी नऊ वेळा ऐकले होते आणि नऊही वेळा त्याचा राग आला होता.

मी डावीकडून नीट पुसले. तारीख लिहिली. पहिले वर्ष, दुसरे वर्ष, तिसरे वर्ष असे पायरीपायरीने मांडत गेलो. शहाद्याच्या एका गृहस्थाने शंका विचारली. चांगली शंका होती! तिचे निरसन केले. मग आलेख काढला. सरळव्याजाची रेषा सोज्ज्वळपणे वर जात होती, आणि चक्रवाढीची रेषा तोरणमाळच्या घाटासारखी अंगावर येत होती. "म्हणून पंचवीस वर्षांनी भाडे साडेतीनपट नव्हे," मी मार्कर आपटून म्हणालो, "जवळजवळ अकरापट होईल!"

"अकरापट!" सुरतच्या बाईंनी कपाळाला हात लावला.

"अकरापट, बरं का!" मी आनंदाने पुन्हा म्हणालो. निवृत्तीनंतर दोन वर्षांत इतक्या एकाग्रतेने माझे कोणी ऐकले नव्हते.

हा आनंद मी कोणाच्या बाजूने वापरत आहे, हे समजायला मला फार वेळ लागला. टाळ्या झाल्या. परेशच्या डोळ्यांत पाणी होते. तीनही कुटुंबांनी पेन मागितले आणि सदस्यत्वाचे अर्ज भरायला घेतले. सर्व रकाने भरा, अशी सूचना त्यांना मीच केली.

मग मला पडद्याची आठवण झाली. मी तो बाजूला केला. बाहेर काळोख होता. घड्याळात सहा वाजून पंचवीस मिनिटे. पासष्ट मिनिटांचा तास मी एका दमात घेतला होता.

मी आबांकडे धावलो. ते काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ बसले होते, चेहरा पश्चिमेच्या भिंतीकडे. चित्रातला नारिंगी प्रकाश त्यांच्या चष्म्यावर पडला होता. सुमन माझ्याकडे पाहत नव्हती.

"आबा, चुकलो. चला... म्हणजे, आता..."

"कोठे जानं?" आबा शांतपणे म्हणाले. "दखी लिधा ना मी. चांगला बुडना." थोडे थांबून त्यांनी विचारले, "पन भाऊ, तोरणमाळवर समुद्र कव्हय उना रे?"

एका तासापूर्वी अनोळखी माणसाची टक्केवारी सहन न झालेला मी तेथे उभा राहिलो, आणि म्हणालो, "इथला तलाव भरला आहे, आबा. यंदा पाऊस खूप झाला."

"मंग बराबर," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला खोली सोडली. परेश गाडीपर्यंत पोचवायला आला, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "सर, तुमचा आलेख आता आम्ही सगळ्या सेंटरला वापरू." गाडी घाट उतरू लागली. तीनचार वळणांनंतर सुमनने, मला नव्हे, आबांना विचारले, "आबा, मी दोनदाव सांगं तुम्हले चला, आपुन दोन्हीजन जाऊ. तुम्ही उठनात का बरं नई?"

"तास चालू व्हता ना, पोरी," आबा म्हणाले. "मन्हा पोऱ्या शिकाडी ऱ्हायंता. मझारमा कसा उठू?"

मी खिडकीबाहेर पाहिले. म्हणजे तो समुद्र चित्रातला आहे हे त्यांना पहिल्यापासून समजले होते, आणि माझा तलाव खोटा हेही.

(त्यानंतर महाशिवरात्रीपर्यंत उजवा डोळाही गेला. आता आबांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. आम्ही पुन्हा तोरणमाळला गेलो नाही.)

घाट संपता संपता आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तरुण शिक्षकाचा पाठ पाहून झाल्यावर ठेवत तसा.

"तास बेस व्हयना, भाऊ. मांडनी चांगली, आवाज चांगला. एकच चूक व्हयनी."

"कोणती, आबा?"

"घंटा वाजनी, तुले ऐकू उनी नई."

चौतीस वर्षांच्या सेवेत असा शेरा माझ्यावर कोणीही मारला नव्हता. मी तो निमूटपणे मान्य केला. त्या दोन दिवसांत परेश आणि दोन मॅनेजर अशा तिघांना मिळून जी सही माझ्याकडून घेता आली नाही, ती आबांनी अशी एका वाक्यात घेतली.