चार मिनिटांची गजी

सोलापूरला उतरले तेव्हा अकरा वाजत आले होते. फेब्रुवारीच होता, पण स्टेशनाबाहेरचं ऊन डोळ्यांवर हात धरायला लावत होतं. बावीस वर्षांनी मी इथं येत होते. यायला इतका उशीर का झाला, ते आधी सांगायला हवं.

पुण्यातल्या एका मुलींच्या शाळेत मी नृत्य शिकवत असे. एका वर्षी स्नेहसंमेलनात गजी बसवायचं ठरवलं. गजी म्हणजे धनगरांचा ढोलावरचा रिंगणातला नाच. पांढरे घेरदार अंगरखे, डोक्याला फेटे, दोन्ही हातांत रंगीत रुमाल, आणि सगळे पुरुष. होटगीच्या पुढं, भीमेच्या बाजूच्या एका गावात मायाप्पा नावाचे ढोलवाले होते. त्यांच्याकडं मी तीन दिवस राहिले. त्यांनी चार-पाच घाया (घाई म्हणजे नाचातली एक चाल) दाखवल्या. एकीत कापूस वेचल्यासारखे हात चालतात, एकीत मेंढरं ओढ्यातून पलीकडं काढल्यासारखी पावलं पडतात. सगळा नाच बिरोबापुढं, दिवसभर चालायचा. निघताना भारावून जाऊन मी म्हटलं, तात्या, तुम्हीच या की पुण्याला.

ते आले. चौदा माणसं, ढोल, झांजा, गाठोडी घेऊन. संमेलनाचे पाहुणे दीड तास उशिरा आले आणि कार्यक्रम लांबला. मुख्याध्यापिका मला पडद्यामागं म्हणाल्या की मुलींचं किंवा या लोकांचं, एकच होईल. पालक मुलींना बघायला आलेत. मी मुलींचं म्हटलं. एवढंच म्हटलं, वाद घातला नाही. मुली चार मिनिटं नाचल्या, टाळ्या पडल्या. अंगरखे घालून, फेटे बांधून चौदा माणसं विंगेत उभी राहून ते बघत होती. पुढच्या वर्षी नक्की, असं मी त्यांना सांगितलं. पुढच्या वर्षी बोलावलं नाही. त्यानंतर दर वर्षी मुलींकडून तोच नाच बसवून घेतला, आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले.

एसटी स्टँडसमोरच्या खानावळीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. वाढणाऱ्या बाईंनी मी दही मागितलं नव्हतं तरी घातलं, आणि चटणी लई तिखट हाय म्हणून बजावलं. मग होटगीवरून जाणारी बस धरली. होटगीचे रेल्वेचे रूळ ओलांडले की काळी रानं सुरू होतात. ज्वारी काढणीला आली होती. नदी जवळ येऊ लागली तसा ऊस लागला, ट्रॅक्टरमागं उसाच्या ट्रॉल्या लागल्या. मागच्या खेपेला या रस्त्यानं मेंढरांच्या कळपासाठी बस दोनदा थांबली होती. या वेळी कुठंच थांबली नाही. चरायला मोकळं रान म्हणून उरलेलंच दिसत नव्हतं.

कंडक्टरनं मला एक फाटा आधीच उतरवलं. बस गेल्यावर ते कळलं. तिथं चहाची एक टपरी होती. टपरीवाल्या बाईंनी "बर्री, बर्री" (या, या) म्हणत बाकडं पुसून दिलं. मायाप्पांचं नाव घेतल्यावर त्या मराठीवर आल्या. म्हातारा हाय की, म्हणाल्या, आणि त्यांच्या मुलाला फोन लावून दिला.

मुलगा, बिराप्पा, मोटारसायकलवर आला. पुण्याला आला होता तेव्हा पंचविशीत होता, रिंगणात बापाच्या समोर नाचणारा. आता केस पिकले होते. मी ओळख सांगितली तेव्हा त्यानं माझी पिशवी हँडलला अडकवली. घराच्या अंगणात ताडपत्रीखाली माणसाएवढे स्पीकर रचून ठेवले होते. लग्नांना, मिरवणुकांना तो साउंड लावतो.

मायाप्पा पडवीत खाटेवर बसले होते. ऐंशीच्या पुढचे. मी पाया पडले. नाव सांगायच्या आधीच म्हणाले, "पुन्याच्या बाई."

बोलायचं वाक्य मी पुण्यापासून तयार करून आणलं होतं. ते धड आलं नाही. मी तुम्हाला बोलावून नाचू दिलं नाही, त्याची माफी मागायला आले, एवढं कसंबसं म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. पोरी चांगल्या नाचल्या, म्हणाले, बारक्या हुत्या, पण ताल धरला त्यांनी. मग सुनेला चहा टाकायला सांगितला. तिनं तो आधीच टाकला होता.

मी विचारलं, आता गजी कोण करतं? त्यांनी हाताची पाच बोटं दाखवली. सगळे म्हातारे. तरुण पोरं का येत नाहीत, असं विचारल्यावर ते दारात उभ्या असलेल्या मुलाकडं न बघता म्हणाले, "पुन्यास्नं आल्यावर ह्यो म्हनला, चार मिन्टांत हुतंय न्हवं? मग आपुन दिसभर कशाला नाचायचं? मला जबाब देता आला न्हाय. मग बाकीची पोरं बी तेच म्हनाय लागली."

बिराप्पा आत निघून गेला.  मी हातातला कप खाली ठेवला.

आलाय तर बघून जावा, असं म्हणून त्यांनी चौघांना निरोप धाडला. उन्हं कलती झाल्यावर बिरोबाच्या देवळासमोर आम्ही जमलो; बिराप्पा आला नाही. अंगरखे कुणी घातले नाहीत, रुमाल तेवढे आणले होते. मायाप्पांना उभं राहून ढोल झेपत नाही, म्हणून तो दगडी ओट्यावर टेकवला. पहिली थाप पडली आणि चारही म्हातारे एकदम वाकले. रिंगण कसलं, चार माणसांचा चौकोनच होता तो. पण रुमाल एका दमात वर जात होते, आणि गुडघे दुखत असणार हे त्यांच्या तोंडांवरून अजिबात कळत नव्हतं. कापसाची घाई झाली. मेंढरांची झाली. मुलींना शिकवलेलं सगळं संपलं आणि नाच पुढं चालू राहिला. पुढचं मी बावीस वर्षांपूर्वी पाहिलं होतं खरं, पण आज नव्यानं पाहत होते.

मग ते थांबले. एक जण डावीकडं वळला, दुसरा जागीच राहिला. मायाप्पांनी पुन्हा ढोल घेतला, पुन्हा तिथंच अडलं. पुढची घाई ज्यांच्या पायात पक्की होती, ते मायाप्पांचे चुलतभाऊ गेल्या पावसाळ्यात वारले होते. चौघं एकमेकांकडं पाहत राहिले.

मायाप्पा माझ्याकडं वळले. "बाई, तुमी समदं लिवून घेतलं हुतं की. फुडं काय हाय?"

ती वही माझ्याजवळ होती. त्यांना दाखवायला म्हणून मुद्दाम आणली होती. मी ती पिशवीतून काढली आणि पान उघडलं. पहिल्या दोन घाया पावलापावलानं लिहिलेल्या होत्या, बाणांसकट. त्याखाली माझ्याच अक्षरात एक ओळ होती: 'पुढचे लांबते, वगळावे.' त्यानंतर काही नव्हतं.

ती ओळ मी त्यांना वाचून दाखवली. दडवण्याचा विचार मनात आला होता, तोही इथं लिहून ठेवते. चौघांपैकी एकानं रुमाल घडी करून खिशात ठेवला. मायाप्पा म्हणाले, असू द्या, आमी तरी कुटं ध्यानात ठेवलं. ते मनापासून म्हणत होते, आणि त्यामुळं ऐकवत नव्हतं.

सुनेनं हुग्गी (गव्हाची गुळातली खीर) केली होती. सगळ्यांबरोबर बसून खाल्ली; नाच अडल्याचं बोलणं तिथं निघालं. सोलापूरची शेवटची बस पावणेसहाला होती आणि माझं रात्रीच्या गाडीचं आरक्षण होतं. बिराप्पा मला फाट्यावर सोडायला आला.

बसची वाट बघत आम्ही उभे होतो.  त्यानं विचारलं, "कुटं अडलं त्यांचं?" मी सांगितलं. त्यानं रस्त्याच्या कडेला, धुळीत, चपलेसकट तीन पावलं टाकली, अर्धा वळला आणि चौथ्या पावलाला खाली बसून उठला. उसाची एक ट्रॉली जवळून गेली तसा तो थांबला.

"हे हाय फुडं," म्हणाला. "चुलत्यानं मलाच शिकवलं हुतं."

मी म्हटलं, मग वडिलांना दाखवा ना, आत्ताच चला. तो म्हणाला, बावीस वर्सं झाली, आता त्यांच्याम्होरं कसं उभारायचं? लाज वाटती. मग म्हणाला, "तुमी संगट असताव तर गेलो असतो."

तेवढ्यात वळणावर बस दिसली. मी हात केला, ती थांबली आणि मी चढले. खिडकीतून पाहिलं तर तो मोटारसायकलवर नुसता बसून होता.

पुण्याला येऊन मी त्याला दोनदा फोन केला. पहिल्यांदा लग्नाचा साउंड लावत होता, काही ऐकू येत नव्हतं. दुसऱ्यांदा त्यानं बघू म्हटलं. तो वडिलांपुढं उभा राहिला नाही, हे त्याच्या आवाजावरून कळलं. त्या संध्याकाळची बस मी सहज सोडू शकले असते. दुसऱ्या दिवशी पुण्यात मला कसलंही काम नव्हतं, आणि घरी वाट पाहणारंही कुणी नव्हतं.