वाघोलीचं पाणी

माझ्या साडूंइतका रागीट माणूस शनिवार पेठेत दुसरा नाही, आणि शनिवार पेठेत नाही म्हटल्यावर जगात इतरत्र असण्याचा प्रश्नच येत नाही. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून ते निवृत्त झाले, पण वर्गावर ओरडायचा आवाज शाळेत जमा करायचा राहिला. दूधवाला उशिरा आला की राग, वेळेवर आला की "आज कसे काय उगवलात?" म्हणून राग. शब्दकोड्यात चूक सापडली म्हणून त्यांनी पेपरला पत्र लिहिलं, छापलं नाही म्हणून दुसरं लिहिलं, आणि ते काटछाट करून छापलं म्हणून पेपरच बंद केला. पण खास राखून ठेवलेला राग माझ्यासाठी. कारण मी मूळचा अकोल्याचा, आणि पुण्यात घर घेतलं ते वाघोलीत.

"वाघोलीला पुणे म्हणायचं, तर मग नगरला काय म्हणणार आहात?" हे त्यांनी मला आमच्याच वास्तुशांतीला, भर पंगतीत, श्रीखंड वाढून घेता घेता विचारलं. तेव्हापासून मी 'वाघोलीकर'. आमच्या सोसायटीला बोअरचं पाणी. तोट्यांवर पांढरे थर, गीझर दर दोन वर्षांनी निकालात, आणि तुरीची डाळ शिजता शिजत नाही. आम्ही सोसतो. साडू मात्र आमच्याकडे येताना घरून पाण्याची बाटली आणत आणि चहासुद्धा त्याच पाण्याचा करायला लावत. "खडकवासल्याच्या पाण्यावर वाढलेलं पोट आहे, त्याला भलत्या सवयी नकोत." दहा वर्षं मी हे ऐकून घेतलं. बायको डोळे वटारायची म्हणून ऐकून घेतलं. मला त्यात कधीही गंमत वाटली नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

मग त्यांनी मासे पाळले. मासेही साधे नव्हेत, आफ्रिकेतल्या सरोवरातले सिक्लिड. बोटाएवढे, पिवळेधमक आणि पक्के भांडकुदळ. एका दगडाला एकच मालक, दुसरा फिरकला की चावा. साडूंना हे फार आवडलं. "बघा, आपली जागा सोडत नाहीत. उगाच लांब जाऊन फ्लॅट घेत नाहीत." हॉलमध्ये तीन फुटी टाकी आली, तळाला वाळू, कपारी राहतील असे रचलेले दगड, एक नर आणि चार माद्या. साडूंना पिल्लं काढायची होती. ह्या जातीची मादी अंडी तोंडात धरते आणि पिल्लं बाहेर सोडेपर्यंत तीनेक आठवडे अन्नाला न शिवता तोंड मिटून राहते, हे त्यांनी मला कौतुकानं सांगितलं. हा गुण माणसांत आला तर बरं होईल, असं मी म्हणालो. ते हसले नाहीत.

दीड वर्ष काही झालं नाही. मासे पंख मिटून कोपऱ्यात बसायचे, दोन मेले, त्यांच्या जागी दोन नवे आले. शेवटी माशांचा दुकानदार म्हणाला, "काका, पाणी फार मऊ आहे तुमचं. ह्यांना जड पाणी लागतं. वाघोलीकडचं बोअरचं मिळालं तर बघा." साडूंनी महिनाभर त्या दुकानाचं तोंड पाहिलं नाही. मग एका रविवारी सकाळी आमची बेल वाजली. दारात साडू, दोन्ही हातांत रिकामे कॅन.

"पाणी द्या," ते म्हणाले. "प्यायला नकोय."

त्यानंतर दर रविवारी हा वरातीचा कार्यक्रम. पीएमटीनं वाघोलीला यायचं, आमच्या बाथरूममध्ये उभं राहून कॅन भरायचे, भरताना गाळावर टीका करायची आणि मला गाडी काढायला लावायची. पेठेतल्या त्यांच्या घराला तीन जिने, लिफ्ट नाही. कॅन मी वाहायचो. पाणी मात्र मानवलं. मासे खुलले, आणि एका मादीचं तोंड फुगलं.

घराचं रूपच पालटलं. मिक्सर बंद, दाराला कापडाची घडी, बेलवर चिकटपट्टी. साडू कुजबुजत बोलू लागले. दूधवाल्यावरसुद्धा कुजबुजत ओरडायचे, तो बिचारा जास्तच घाबरायचा. माझी मेव्हणी म्हणाली, "रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच हे सकाळी उठून कशाची तरी वाट बघतायत." मी मान डोलावली, पण मनातल्या मनात धुमसतच होतो.

तेराव्या दिवशी दोन कॅन घेऊन वर पोचलो. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. घरात कोणी पाहुणे बसले होते. साडूंनी माझी ओळख करून दिली, अगदी हळू आवाजात. "हे आमचे वाघोलीकर. ह्यांच्याकडचं पाणी माणसांना चालत नाही, माशांना चालतं."

बारा वर्षं जपलेली माझी प्रमाण मराठी त्या क्षणी गेली. "पानी आमचं, शिव्या आमाले, अन् पोरं तुमच्या माशाले!" मी ओरडलो. "इतकं वाईट हाय त मंग येता कायले दर रविवारी?" आणि हातातला कॅन टाकीच्या स्टँडजवळ आदळला.

काच थरथरली. मादी सैरभैर होऊन दगडावर आपटली आणि तिचं तोंड उघडलं. दहा-बारा पिवळे ठिपके पाण्यात पसरले, आणि काय झालं ते कळायच्या आत बाकीच्या माशांनी ते गिळले. मादी रिकाम्या तोंडानं कपारीत जाऊन बसली.

मी वाट पाहत उभा राहिलो. आता छत्तीस वर्षांचा आवाज माझ्यावर कोसळेल, आणि कोसळायलाच हवा होता.  पण साडूंनी पाहुण्यांना हात जोडून निरोप दिला. मग खाली वाकून माझ्या कॅनचं झाकण घट्ट केलं आणि म्हणाले, "पहिलटकरीण होती. होतं असं. तुमच्या हाताला लागलं का?"

इतका अपमान त्यांनी माझा बारा वर्षांत केला नव्हता. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त माझा.

पुढे साडू वाघोलीला आले नाहीत. दर रविवारी मीच कॅन भरून नेऊ लागलो. ते दार उघडायचे, "या," म्हणायचे, "ठेवा," म्हणायचे. गाळावर एक शब्द नाही. एकदा तर त्यांनी आमच्या पाण्याबद्दल माझे आभार मानले. मी घरी येऊन जेवलो नाही.

गेल्या शुक्रवारी फोन आला. पलीकडून नुसती कुजबूज. "वाघोलीकर, तोंड फुगलंय. मागच्या वेळी कॅनमध्ये शेरभर गाळ होता, लाज नाही का वाटत? आणि ह्या रविवारी वर येऊ नका. तुमचा भरवसा नाही."

रविवारी मी पाणी दोनदा गाळून कॅन भरले. पेठेत गाडी लांब लावली, चपला काढून हातात घेतल्या आणि दोन्ही कॅन आवाज न करता जिन्याखाली ठेवले. रस्त्यावर येऊन वर पाहिलं, तर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत साडू उभे होते, तोंडावर बोट ठेवून. मीही बोट तोंडावर ठेवलं आणि थोडा वेळ तसाच उभा राहिलो.